पाण्याखालच्या बागेचा पाटकरी

हायड्रिलाचा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष पाहिला नसला, तरी त्याची आकृती वहीत काढली नाही असा विद्यार्थी विरळा. चंचुपात्रात पाणवनस्पतीच्या फांद्या, त्यांच्यावर उपडं नरसाळं, नरसाळ्याच्या दांड्यावर पाण्याने भरून पालथी घातलेली परीक्षानळी. ऊन लागलं की बुडबुडे सुटतात, नळीच्या टोकाशी वायू जमतो, त्यात धुमसती काडी नेली की भपकन पेटते. ऑक्सिजन सिद्ध, पैकीच्या पैकी गुण. या कृतीतली एक ओळ मात्र आपण घोकून पुढे गेलेलो असतो : पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. तो कशासाठी, हे फारसं कोणी विचारत नाही. घरात झाडांची मत्स्यटाकी ठेवणाऱ्याची निम्मी डोकेदुखी त्या चिमटीत आहे.

सोडा विरघळला की पाण्यात बायकार्बोनेट येतं आणि हायड्रिला त्यातून कार्बन काढून घेऊ शकते. सोडा न घालता साधं पाणी उकळून, त्यातला वायू घालवून, गार करून वापरलं तर भरउन्हातही बुडबुडे जवळजवळ थांबतात. उजेड आहे, पाणी आहे, पण कार्बन नाही. झाडाच्या सुक्या वजनात सुमारे ४० ते ४५ टक्के कार्बन असतो. नत्र, पालाश, लोह वगैरे मंडळी त्यामानाने किरकोळ. जमिनीवरच्या झाडाला हा कार्बन वाऱ्यासोबत आयता मिळतो. पाण्यात तसं नाही. हवेशी समतोल साधलेल्या २५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दर लिटरमागे जेमतेम ०.६ मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. शिवाय हवेत हा वायू ज्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. पानाला चिकटून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ निश्चल थर असतो. त्यातला वायू पान काही क्षणांत पिऊन टाकतं आणि नवा वायू तो थर ओलांडून रांगत येईपर्यंत उपाशी बसतं.

मग ओढ्या-तळ्यांत झाडं इतकी तरारलेली कशी? एक म्हणजे झऱ्याचं आणि जमिनीतून पाझरणारं पाणी, तळाचा कुजणारा गाळ यांमुळे तिथे हा वायू हवेशी समतोल साधलेल्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असू शकतो. दुसरं कारण असं की, मत्स्यटाकीत लावली जाणारी बरीच झाडं खरं तर अर्धजलचर आहेत. सह्याद्रीच्या सड्यांवर, भाताच्या खाचरांच्या कडेला पावसाळ्यात रोटालाच्या जाती उगवतात. त्यांची पानं वर्षातला बराच काळ सरळ हवेत असतात. मत्स्यटाक्यांत जगभर मिरवणारी लालभडक रोटाला मॅक्रँड्रा दक्षिण भारतातलीच. कासच्या पठारावरचा वायतुरा पावसाळ्यापुरता साचणाऱ्या उथळ पाण्यात फुलतो आणि बाकीचे महिने कंदाच्या रूपात जमिनीत झोपून काढतो. (तो दुर्मिळ आणि प्रदेशनिष्ठ आहे, त्यामुळे टाकीसाठी उपटून आणायचा विचारही करू नये.) अशा झाडांना आपण बारा महिने तेरा काळ पाण्याखाली ठेवतो, वरून प्रखर एलईडी लावतो आणि महिन्याभरात पानांवर शेवाळ आलं की खताच्या बाटलीला दोष देतो.

झाड आणि मासा एकमेकांची गरज भागवतील, ही कल्पना जुनी आहे. १८५० साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने सुमारे ५५ लिटरच्या काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ठेवून हा समतोल साधायचा प्रयत्न केला. कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागलं तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या आणि मग ती छोटी दुनिया सुरळीत चालली. वॉरिंग्टनला पंप लागला नाही, कारण मासे दोनच होते आणि झाडांची वाढ नैसर्गिक उजेडाच्या बेताने होत होती. आपल्याकडच्या दिवाणखान्यांत पुढे जी टाकी रुळली ती वेगळ्याच वळणाची : गुरगुरणारा एअर पंप, खड्यांखाली प्लॅस्टिकची चाळणी, तोंड उघडझाप करणारा शिंपला आणि प्लॅस्टिकचीच झाडं. त्या टाकीत खळखळ जितकी जास्त तितकं चांगलं, हे बरोबरच होतं. जिवंत झाडं आली आणि हिशेब बदलला.

झाडांच्या टाकीत कार्बन डायऑक्साइड वायू बाटलीतून सोडायची पद्धत युरोपात १९८०च्या दशकापर्यंत रुळली होती. तिला सौंदर्यशास्त्राची जोड दिली ती जपानच्या निइगाता भागातल्या ताकाशी अमानो यांनी (१९५४-२०१५). आधी सायकलपटू, मग छायाचित्रकार आणि १९८२ पासून मत्स्यटाकीच्या साहित्याचे उद्योजक. सुरुवातीला त्यांनी टाकीत चक्क सोडा वॉटर ओतून पाहिलं, असं सांगतात. वेडेपणा वाटेल, पण गणित तपासून पाहा. १०० लिटर पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम वायू असावा असं आपलं उद्दिष्ट धरलं तर एकूण वायू भरतो ३ ग्रॅम. तेवढा तर जेमतेम अर्ध्या लिटर सोड्यात असतो. अडचण तो आत घालण्याची नाहीच, तो आत टिकवून सगळीकडे पोचवण्याची आहे. बाटलीतून सोडलेल्या वायूचा मोठा हिस्सा झाडाच्या वाट्याला न येता पृष्ठभागावरून निसटून जातो.

फिल्टरचा संबंध येतो तो इथे. दुकानदार फिल्टरची तीन कामं सांगतो : कचरा अडवणं, विषारी अमोनिया पचवणं आणि कोळशासारख्या पदार्थांनी रंग-वास शोषून घेणं. यातलं दुसरं काम फार रंजक आहे. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया येतो, एक जिवाणू त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. पुस्तकांत या दुसऱ्या जागेवर अनेक दशकं नायट्रोबॅक्टरचं नाव होतं. १९९८ मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी मत्स्यटाक्या तपासून दाखवलं की, ते काम करणारा तिथे प्रामुख्याने नायट्रोस्पायरा असतो. २०११ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांना गोड्या पाण्याच्या बहुतेक फिल्टरांमध्ये अमोनियाचं पहिलं काम करणाऱ्यांत जिवाणूंपेक्षा आर्किया या वेगळ्याच गटातले जीव जास्त आढळले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकटाच उरकणारा नायट्रोस्पायरा सापडला. स्पंजाच्या काळपट चिखलात एवढा संसार असतो. आणि या संसाराला ऑक्सिजन फार लागतो : एक ग्रॅम अमोनिया-नत्राचं नायट्रेट करायला जवळपास साडेचार ग्रॅम.

पण दाट झाडं असलेल्या टाकीत या कामाचं ओझं वाटलं जातं. झाडंही अमोनियम थेट उचलतात. अमेरिकेच्या डायना वॉलस्टड यांनी १९९९ मधल्या आपल्या पुस्तकात हा मुद्दा आग्रहाने मांडला की, बहुतेक पाणवनस्पतींना नायट्रेटपेक्षा अमोनियमच जास्त पसंत असतं. त्यामुळे महागड्या सिरॅमिक रिंगांची चळत रचून कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, गच्च भरण्यात माझ्या मते फारसा अर्थ नाही. झाडांच्या टाकीत फिल्टरचं पहिलं काम पाणी फिरवणं हे आहे. तो या बागेचा पाटकरी. कालव्याच्या तोंडाशी धो-धो पाणी असून टेलच्या शेतकऱ्याचा ऊस वाळतो, तसंच टाकीत होतं. वायूचे बारीक बुडबुडे सोडणाऱ्या डिफ्यूझरजवळच्या झाडांना वायू भरपूर आणि समोरच्या कोपऱ्यात, दगडामागे, दाट झुडपाच्या पोटात दुष्काळ. नेमकं तिथेच आधी शेवाळ धरतं. वायू वाढवून हा प्रश्न सुटत नाही. टेलपर्यंत पाणी न्यावं लागतं.

फिल्टरच्या खोक्यावर ताशी १००० लिटर लिहिलेलं असतं ते रिकाम्या फिल्टरचं माप. आत स्पंज, रिंगा, वर दीड मीटर नळी, तिला दोन वळणं, त्यात महिन्याचा गाळ, एवढं झाल्यावर प्रत्यक्ष प्रवाह बराच खाली येतो. म्हणून झाडांच्या टाकीसाठी टाकीतल्या पाण्याच्या पाच ते दहापट ताशी क्षमतेचा फिल्टर घ्यायची प्रथा आहे. आकड्यापेक्षा डोळ्यांनी पाहावं हे उत्तम. टाकीसमोर बसून प्रत्येक कोपऱ्यातल्या पानांकडे बघा : ती हलकेच डुलली पाहिजेत, वाकून आडवी होता कामा नयेत. पाणी आत सोडणारी आणि बाहेर ओढणारी नळी शक्यतो एकाच बाजूला ठेवतात. म्हणजे पाणी वरच्या अंगाने पलीकडच्या काचेपर्यंत जातं, तिथून खाली वळतं आणि तळालगत परत येतं. हे एक मोठं वर्तुळ साधलं की बारीक बुडबुड्यांचं धुकं त्याच्यावर स्वार होऊन सगळीकडे जातं. यासाठी डिफ्यूझर खाली बसवतात, आणि बुडबुडे वर येता येता फिल्टरच्या प्रवाहात सापडून खाली ढकलले जातील अशा जागी. ते सरळ वर जाऊन फुटत असतील तर आपण खोलीतल्या हवेला खत घालतो आहोत.

काहीजण वायूची नळी सरळ कॅनिस्टरच्या शोषण नळीत सोडतात. बुडबुडे आत जातात, पंखा त्यांचा चुरा करतो, पाणी वायू विरघळवूनच बाहेर येतं. युक्ती स्वस्त आहे आणि लहान प्रमाणात चालतेही. पण वायू जास्त झाला की फिल्टरच्या डोक्यात हवेची पोकळी साठते, पंखा खडखडतो, प्रवाह तुटतो. त्यापेक्षा कॅनिस्टरमधून बाहेर येणाऱ्या नळीवर बसणारा इनलाइन डिफ्यूझर किंवा उभ्या नळकांड्यासारखा रिअ‍ॅक्टर बरा. या सगळ्याने जिवाणूंचं नुकसान होत नाही. पाणी थोडं आम्लधर्मी झालं तरी त्यांचं काम चालतं.

आता सगळ्यात जुना वाद : पृष्ठभाग हलवायचा की नाही? झाडांच्या टाकीत पाणी वरून अजिबात हलता कामा नये, नाहीतर वायू उडून जाईल, असा सल्ला अनेक वर्षं दिला गेला. तो वायू वाचवणारा आहे आणि माशांना महागात पडणारा. कारण वायू ज्या दाराने बाहेर जातो त्याच दाराने ऑक्सिजन आत येतो. या दोघांमध्ये जागेसाठी मारामारी नसते, हे नीट समजून घ्यायला हवं. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून ऑक्सिजन कमी होत नाही. दोन्ही एकाच वेळी भरपूर असू शकतात, आणि तसेच ते असावेत. २५ अंशांच्या पाण्यात हवेतून लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये घरातल्या टाकीचं पाणी सहज तिशी गाठतं. त्या दिवसांत माशांची आणि जिवाणूंची गरज वाढलेली असते आणि साठा घटलेला. अशा वेळी पृष्ठभाग आरशासारखा गप्प ठेवणं ही खोटी काटकसर आहे. पाण्यावर सतत लहरी उठत राहतील इतकी हालचाल हवी आणि त्यामुळे जो वायू जाईल तो बाटलीतून थोडा जास्त सोडून भरून काढावा. वायू स्वस्त आहे.

मात्र लहरी उठणं वेगळं आणि पाणी कोसळणं वेगळं. टाकीच्या काठावर अडकवायचे फिल्टर, ज्यांना छंदी मंडळी एचओबी म्हणतात, ते धबधब्यासारखं पाणी पाडतात. पाण्याची पातळी घसरली की तो धबधबा उंच होतो आणि वायूही जास्त जातो. पातळी तोंडापर्यंत ठेवली की नुकसान बरंच कमी होतं. खाली वेगळी टाकी असलेल्या संपमध्ये पाणी नळीतून खळाळत उतरतं, तिथेही गळती मोठी असते. नळीत पाणी भरून वाहील अशी झडप लावली की आटोक्यात येते. ठिबकत्या पाण्याचे उघडे फिल्टर तर वायू हुसकावण्यासाठीच केले असावेत असं वाटतं. बंद कॅनिस्टरला हवेचा स्पर्शच होत नाही, म्हणून झाडांच्या टाकीत त्याचा मान. पृष्ठभागावर कधीकधी तेलकट साय धरते. ती प्रथिनं, मेद आणि जिवाणू यांची असते आणि दोन्ही वायूंची ये-जा अडवते. पाण्याची वरची पापडी ओढून घेणारा छोटा स्किमर दिवसातून थोडा वेळ चालवला की पुरे.

वायू किती सोडायचा? छंदी मंडळी लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम मानतात. सेकंदाला किती बुडबुडे, हा प्रश्न मात्र जवळजवळ निरुपयोगी आहे. बुडबुडा केवढा, टाकी केवढी, डिफ्यूझर कसा, पृष्ठभाग किती हलतो, यावर सगळं अवलंबून. एकाचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही. मोजण्याचा घरगुती मार्ग म्हणजे ड्रॉप चेकर. काचेचा हा छोटा फुगा टाकीत आतून चिकटवतात. त्यात ४ डिग्री केएचचं, म्हणजे ठरलेल्या अल्कतेचं द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक घालतात. द्रावण आणि टाकीतलं पाणी यांच्यामध्ये हवेचा कप्पा राहतो, त्यामुळे फक्त वायू पलीकडे जातो. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे सुमारे ३०, पिवळा म्हणजे धोका. आत टाकीचंच पाणी भरलं तर या रंगांना काही अर्थ उरत नाही. आणि रंग बदलायला एक-दोन तास लागतात, म्हणून तो आत्ताची नव्हे, मघाची बातमी सांगतो.

या हिरव्या रंगामागचं सूत्र सोपं आहे : केएचला तीनने गुणा आणि सामू सातच्या जितका खाली तितक्या घाताच्या दहाने पुन्हा गुणा. त्यातून कळतं की नुसता सामू, म्हणजे पीएच, काहीच सांगत नाही. सह्याद्रीतल्या पावसाचं, काळ्या बेसाल्टवरून धरणात साठलेलं पाणी मऊ असतं. समजा त्याचा केएच २ आहे, तर ३० मिलिग्रॅम वायूला सामू ६.३ होईल. बोअरच्या जड पाण्याचा केएच १२ असेल तर तेवढ्याच वायूला तो ७.१ राहील. दोन्ही टाक्यांत झाडांना मिळणारा वायू सारखाच. पाण्यात लाकडाचा अर्क किंवा सामू खाली आणणारी माती असेल तर मात्र हे सूत्र टाकीतल्या पाण्याला थेट लावू नये, ते फसवतं. ड्रॉप चेकरमध्ये ठरीव द्रावण भरतात ते याचसाठी.

शेवटचा निकाल माशांच्या हाती. पाण्यात वायू फार झाला की माशाच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कल्ल्यांतून बाहेर पडेनासा होतो, रक्त आम्लधर्मी होतं आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल पडते. पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत असतील तर आधी घड्याळ पाहा. पहाटे तसं दिसलं तर बहुधा ऑक्सिजन कमी पडला आहे, कारण रात्रभर झाडंही श्वास घेतात आणि ऑक्सिजनची पातळी पहाटे सगळ्यात खाली असते. दुपारी-संध्याकाळी, दिवे लागून काही तास झाल्यावर दिसलं तर वायूचा अतिरेक. दुसऱ्या प्रसंगी वायू बंद करून, एअर स्टोन लावून निम्मं पाणी बदलावं.

म्हणूनच रात्री वायू बंद ठेवतात. उजेड नसताना झाड त्याचं काही करत नाही. वीज आली की उघडणारी सोलेनॉइड झडप टाइमरला जोडतात. दिवे लागायच्या तास-दोन तास आधी वायू सुरू, म्हणजे पहिल्या किरणाला पाण्यात साठा तयार. दिवे मालवायच्या तासभर आधी बंद. फिल्टर मात्र चोवीस तास. वीज वाचवायला किंवा आवाज नको म्हणून रात्री फिल्टर बंद करणारे लोक भेटतात. ऑक्सिजन घटलेला असतो तेव्हाच ते जिवाणूंचाही पुरवठा तोडत असतात.

फिल्टर आणि वायू एकमेकांत किती गुंतलेले आहेत ते साफसफाईच्या आसपास नीट कळतं. स्पंज हळूहळू तुंबतो, प्रवाह मंदावतो, टेलची झाडं उपाशी पडतात, पानांच्या कडांना काळ्या दाढीसारखं शेवाळ येतं. (हे खरं तर लाल शैवालांपैकी, अल्कोहोलमध्ये घातलं की लालसर होतं.) मालकाला वाटतं वायू कमी पडला, म्हणून तो वायूची सुईझडप थोडी उघडतो. मग एका रविवारी तो फिल्टर धुतो. प्रवाह एकदम पूर्ववत होतो, वायू आता सगळीकडे नीट विरघळतो आणि संध्याकाळी मासे वर येतात. बिघाड कुठल्याच यंत्रात नसतो. फिल्टर धुतला की त्या दिवशी वायूवर नजर ठेवावी आणि एकाच दिवशी दोन्हींना हात लावू नये. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या संसारावर उठतं. झाडांच्या टाकीत कोळसा नेहमीसाठी ठेवायची गरज नाही, कारण लाकडाच्या रंगाबरोबर तो खतातलं लोहही काही प्रमाणात ओढून घेतो. औषध दिल्यानंतर पाणी साफ करायला तो उत्तम.

वायूचा उगम कुठला, याचे तीन मार्ग. पहिला यीस्ट आणि साखर. साखरेच्या निम्म्या वजनाचा वायू मिळतो, पण वेग हातात राहत नाही आणि रात्री थांबवता येत नाही. नळी तुंबली तर बाटली फुटते. दुसरा खाण्याचा सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबूसत्त्व. १९२ ग्रॅम आम्ल आणि २५२ ग्रॅम सोडा यांतून १३२ ग्रॅम वायू निघतो. दाब सोसणारी भांडी आणि सुरक्षा झडप असलेला संच घेतला तर लहान टाकीला हा मार्ग छान. तिसरा सिलिंडर, म्हणजे आग विझवायची उपकरणं किंवा सोड्याचा वायू भरून देणाऱ्यांकडची बाटली.

सिलिंडरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे आपलं हवामान आडवं येतं. बाटलीत हा वायू द्रवरूपात असतो आणि २५ अंशांना त्याचा दाब हवेच्या सुमारे ६४ पट असतो. द्रव शिल्लक आहे तोवर काटा जवळपास एकाच जागी राहतो, म्हणून काट्यावरून किती उरलं ते कळत नाही. बाटली तोलूनच कळतं. ३१ अंशांच्या वर मात्र कार्बन डायऑक्साइडचा द्रव असा वेगळा राहतच नाही आणि दाब तापमानासोबत भराभर चढतो. नागपूर-जळगावकडच्या मे महिन्यात बंद खोलीतली बाटली रोजच या अवस्थेत असते. म्हणून बाटलीवर ठरवून दिलेल्या वजनापेक्षा जास्त वायू भरून घ्यायचा आग्रह धरू नये, ती उन्हात किंवा गाडीत ठेवू नये, आणि नेहमी उभी ठेवावी, नाहीतर द्रव दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरमध्ये शिरतो. आणखी एक हिशेब : दोन किलो वायू म्हणजे सुमारे १.१ घनमीटर. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच बंद खोलीत तो सगळा गळला तर हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास जातं आणि चार टक्के ही जिवाला तत्काळ धोका मानण्याची पातळी आहे. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून गळती पाहायला दोन मिनिटं लागतात.

बाटली संपत आली की साध्या एकटप्पी रेग्युलेटरचा एक दुर्गुण उघड होतो. आतला दाब पडू लागला की काहींचा बाहेरचा दाब उलट वाढतो आणि उरलेला वायू टाकीत भसाभस सुटतो. दोनटप्पी रेग्युलेटर हे टाळतो. तो परवडत नसेल तर काटा खाली सरकायला लागताच बाटली बदलावी. शेवटच्या थेंबाचा लोभ नको.

हे सगळं नकोच असेल तर उजेड कमी करा. मागणी उजेड ठरवतो. मंद दिव्याखाली क्रिप्टोकोरीन, अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिसनेरिया बाटलीविना वर्षानुवर्षं राहतात. दुकानात ‘द्रव कार्बन’ म्हणून जी बाटली मिळते ती वायूला पर्याय नाही. त्यातलं ग्लुटाराल्डिहाइडच्या जातीचं रसायन शेवाळ मारतं म्हणून फरक दिसतो, आणि व्हॅलिसनेरियाला ते सोसत नाही.

राहता राहिलं भारनियमन. वीज गेली की सोलेनॉइड आपोआप मिटते, हे बरं. यांत्रिक टाइमर मात्र जागच्या जागी थांबतो आणि वीज आल्यावर तेवढा मागे पडून चालू लागतो. दिव्याचा टाइमर इन्व्हर्टरवर आणि वायूचा साध्या लाइनवर असेल तर काही आठवड्यांत वायू रात्री सुटू लागतो. दोन्ही एकाच लाइनवर ठेवा किंवा आत बॅटरी असलेला डिजिटल टाइमर घ्या. इन्व्हर्टरवर काही जोडायचंच झालं तर आधी फिल्टर, मग एअर पंप. सोलेनॉइड एकटी इन्व्हर्टरवर कधीच नको. फिल्टर थांबलेला आणि वायू चालू, यापेक्षा वाईट जोडी नाही. पाच-सहा तास वीज नसेल तर बंद कॅनिस्टरमधला ऑक्सिजन संपून आतलं पाणी सडू लागलेलं असतं. वीज आल्याआल्या तो तसाच सुरू न करता आधी झाकण उघडून वास घ्यावा. अंड्यासारखा वास आला तर ते पाणी मोरीत ओतावं, स्पंज आणि रिंगा टाकीच्या पाण्यात खंगाळाव्यात आणि मग फिल्टर लावावा. पुढचे काही दिवस खाद्य निम्मं.